भिंतीमुळे म्हणे वाळवंट वाचलं!

एक फॉरवर्ड फिरतंय, अमेरिका-मेक्सिको बॉर्डरवरच्या भिंतीमुळे तिथला निसर्ग उलट वाचला, कारण घुसखोर कचरा करायचे, वाळवंटात गाड्या घालायचे. आणि तसंही जुनं कुंपण काढून नवीन लावलंय, सगळं नियमात, पर्यावरणवाले उगाच बोंबलतात.

गाड्यांचं खरंय. ॲरिझोनातल्या ऑर्गन पाइप कॅक्टस नॅशनल मॉन्युमेंट या सरकारी संरक्षित वाळवंटात तस्करांनी वाट लावली होती, 2002 मध्ये तर एका रेंजरला गोळ्या घातल्या. पण त्या गाड्या अडवल्या त्या नंतर टाकलेल्या बुटक्या लोखंडी अडथळ्यांनी, ज्यातून गाडी जात नाही पण जनावरं आरामात जातात. म्हणजे इलाज आधीच सापडला होता की!

आता "जुन्याच्या जागी नवीन". 2017 ते जानेवारी 2021, म्हणजे ट्रम्पच्या पहिल्या कारकिर्दीत, 458 मैल भिंतीचं काम झालं आणि त्यातलं बरंचसं जुन्याच्या जागीच, मान्य. पण काही ठिकाणी "जुनं" म्हणजे हेच बुटके अडथळे, आणि "नवीन" म्हणजे 30 फुटी स्टीलचे खांब, मधे फट 4 इंच. जॅग्वार या ठिपकेवाल्या मोठ्या मांजराची पिल्लावळ वाढते ती पलीकडे मेक्सिकोतल्या सोनोरा राज्यात, तिथून नर चालत ॲरिझोनात येतात, त्यांनी काय पोट आत घेऊन शिरायचं?

"नियमात" वाचून तर हसूच आलं. 2005 च्या रिअल आयडी कायद्याने होमलँड सिक्युरिटीच्या (देशांतर्गत सुरक्षा खात्याच्या) मंत्र्याला भिंतीसाठी कुठलाही कायदा बाजूला ठेवायची मुभा दिलीय, नष्टप्राय प्राण्यांचा, पाण्याचा, सगळेच. ट्रम्पचं नाव घेऊन भांडू नका, बायडनच्या काळात 2023 मध्ये टेक्सासच्या स्टार काउंटीत 26 कायदे असेच गुंडाळले.

आणि किटोबाकिटो? ऑर्गन पाइपमध्येच बॉर्डरला अगदी लागून असलेला झरा आणि तळं, तिथलं सोनोयटा कासव अमेरिकेत दुसरीकडे कुठेच नाही. 2020 मध्ये तळं इतकं आटलं की काठचा चिखल उघडा पडला. दुष्काळ होता, तळ्याला गळतीही होती, पण नेमकं तेव्हाच त्या भागात भिंतीचं काँक्रीट कालवायला आणि धूळ बसवायला जमिनीतलं पाणी उपसत होते, आणि त्याच वर्षी तिथल्या मूळनिवासी ओओधाम लोकांना पवित्र असलेल्या मॉन्युमेंट हिल या टेकडीला सुरुंग लावले.

बरं, निदान टिकतं तरी का? ऑगस्ट 2011 च्या पुरात ऑर्गन पाइपमधलंच 40 फूट कुंपण वाहून गेलं, फटीत काटक्या-कचरा अडकून पाणी तुंबलं होतं. म्हणून आता पावसाळ्यात ओढ्यांवरची फाटकं उघडी ठेवतात, घुसखोरांसकट सगळ्यांसाठी.