‘एकच जाड हात मारा’ म्हणणाऱ्यांना

‘गॅरेजवाले लुटतात. प्लास्टिकचा पार्ट थिनरने पुसा, स्प्रेचा डबा उकळत्या पाण्यात ठेवा, एकच जाड हात मारा आणि कडक उन्हात वाळवा. प्रायमर नको, क्लिअर नको. घरच्या घरी काचेसारखी चमक!’

हा मेसेज महिनाभरात मला चार जणांनी पाठवला. मी जालन्यात गाड्यांचं पेंटिंग करतो, त्याआधी वाळूजला एका व्हेंडरच्या पेंट शॉपमध्ये होतो. म्हणजे माझं पोट यावरच आहे, हे आधीच सांगून टाकतो. घरी रंग मारू नका असं माझं म्हणणं नाही. खुशाल मारा, पण असा नका मारू.

आधी थिनर. परवा कॉलेजातला एक पोरगा स्कूटरचं साइड पॅनल पिशवीत घालून आला. ‘काका, मेसेजात होतं तसंच केलं, तरी असं काहून झालं?’ पॅनल एबीएस नावाच्या प्लास्टिकचं होतं. लॅकरच्या, म्हणजे झटपट वाळणाऱ्या रंगाच्या, थिनरमध्ये जे असतं त्यातलं बरंच काही एबीएसला विरघळवतं. त्याने दाबून पुसलं, तर फडक्याचे धागे पॅनलमध्येच रुतून बसले. स्क्रू बसतो त्या भोकाभोवती बारीक भेगा, मे महिन्यातल्या काळ्या रानासारख्या. असल्या पृष्ठभागावर सोन्याचा मुलामा दिला तरी तो चमकायचा नाही. भांड्याच्या साबणाने धुवा, वाळू द्या, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल फडक्यावर घेऊन पुसा. बस. आणि हो, डोक्याला तेल लावलेला हात पार्टला लागू देऊ नका. तेवढ्या जागी रंग फाकतो आणि माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात.

‘प्रायमर नको’ हे मात्र अर्धं खरं आहे. एबीएस रंग बऱ्यापैकी धरतं. पण पार्ट उलटा करून पाहा, मागे प्लास्टिकचं नाव कोरलेलं असतं. तिथे पीपी, म्हणजे पॉलिप्रोपिलीन, लिहिलेलं असेल, आणि गाड्यांच्या बंपरवर ते बरेचदा असतं, तर प्लास्टिक प्रायमरशिवाय रंग म्हणजे तव्यावरचं पाणी. पहिल्या दिवशी छान दिसेल, पहिला दगड उडाला की पोपडा निघेल. एबीएसवरही घासल्याच्या रेघा झाकायला प्रायमर लागतोच. तो वाळला की आठशे नंबरचा वॉटर पेपर (पाण्यात भिजवून घासायचा पॉलिश पेपर) हलक्या हाताने फिरवायचा. चमक खरी इथेच ठरते, कारण प्रकाश सपाट पृष्ठभागावरून एका दिशेने परततो आणि खडबडीत असला की विखुरतो. वरचा रंग खालचे दोष झाकत नाही, चमकून आणखी दाखवतो.

उकळत्या पाण्याबद्दल तर हात जोडून सांगतो: डबा फुटेल. त्याच्यावरच लिहिलेलं असतं, 50 अंशांच्या वर नको. डिसेंबरच्या सकाळी कोमट पाण्यात दोन-चार मिनिटं ठेवला तर फवारा बारीक निघतो, हे ठीक. पण आपल्याकडे एप्रिलमध्ये डबा शेल्फवरच तापलेला असतो.

आता तो जाड हात. लोकांना तो का पटतो, ते मला कळतं. ओला जाड रंग लगेच आरशासारखा दिसतो, आणि व्हिडिओ तिथेच संपवलेला असतो. पुढचे दोन तास कुणी दाखवत नाही. उभ्या भागावर ओघळ येतात. वरची साय आधी धरते, आत अडकलेलं थिनर मग फुटकुळ्या काढून बाहेर पडतं. पहिला हात धुक्यासारखा असावा, खालचा रंग दिसला तरी चालेल. डबा 20 ते 25 सेंटीमीटर लांब, सुरुवात पार्टच्या बाहेरून, शेवट पलीकडे बाहेर. दहा मिनिटं थांबा. मग दुसरा, मग तिसरा.

आणि कडक ऊन! हा मेसेज लिहिणारा मराठवाड्यात राहत नसावा. 42 अंशांत, वर गरम वारं, अशा वेळी रंगाचा थेंब पार्टवर पोचेपर्यंतच अर्धा सुकतो. तो पसरत नाही, दाणा होऊन बसतो. वाळल्यावर हात फिरवा, मोसंबीची साल लागेल. जालन्याची मोसंबी बाजारात शोभते, पॅनलवर नाही. काळा पार्ट तर उन्हात हात लावू देत नाही. शिवाय प्लास्टिक घासलं की त्यावर वीज साठते आणि उडती धूळ ओढून घेते. पावसाळ्यात उलटी तऱ्हा: दमट हवेत लॅकरवर पांढुरकी झाक येते. मी उन्हाळ्यात सकाळी सात ते नऊ, सावलीत रंग मारतो, आणि आधी खालची जमीन ओली करतो. टँकरचं पाणी त्यासाठी ओतायला जीव होत नाही म्हणून वॉटर पेपरच्या बादलीतलंच गढूळ पाणी शिंपडतो.

क्लिअर, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, नको म्हणतात त्यांनी मेटॅलिक रंग कधी मारला नसावा. तो वाळला की मंदच दिसतो, चमक त्यावरच्या क्लिअरची असते. साध्या डब्यातल्या क्लिअरवर पेट्रोल सांडलं तर डाग पडतो. हार्डनर मिसळून कडक होणारं टिकतं, पण त्यातलं आयसोसायनेट छातीला वाईट. रुमाल बांधून भागत नाही, वाफ आणि फवाऱ्याचे कण दोन्ही अडवणारा मास्कच हवा. क्लिअर चांगलं कडक झालं की दोन हजारचा पेपर साबणाच्या पाण्यात फिरवून मग रबिंग, म्हणजे पेस्टने पॉलिश, करा. कडांवर पेपर मारू नका, तिथला रंग आधी उडतो.

त्या पोराच्या पॅनलला आता थिनर चालणार नाही, रंग घासूनच काढावा लागणार. मी त्याला बादली आणि तीनशेवीसचा पेपर दिला. दोन तास घासत बसला, एक बाजू अजून राहिलीय. उद्या सकाळी सातला ये म्हटलं, तर म्हणतो, ‘काका, इतक्या सकाळी?’