ब्लड टेस्टला बाटलीभर रक्त काढत नाहीत हो!

फॅमिली ग्रुपवर परत तो मेसेज फिरतोय, की चेकअपला बाटलीभर रक्त काढतात, म्हणून माणूस चक्कर येऊन पडतो, आणि उपाशीपोटी टेस्टला पाण्याचा थेंबही चालत नाही. सगळं चूक. सीबीसीची (रक्तातल्या पेशी मोजायची टेस्ट) जांभळ्या टोपणाची ट्यूब असते ना, तिच्यात 2-3 मिली जातं, शुगरची करड्या टोपणाची तेवढीच, अजून एखादी धरा, तरी दोन छोटे चमचे, अंगात जवळपास 5 लिटर असतं. 350 मिली वगैरे घेतात ते रक्तदानात. आणि साधं पाणी प्या की, शीर पटकन सापडते, फक्त चहा नको (डॉक्टरांनी वेगळं सांगितलं असेल तर तसं).

मी स्वतः सुईला जाम टरकतो, त्यामुळे आधीच सांगून टाकतो की आडवं होऊनच देणार, कोणी हसत नाही. दंडाला रबरी पट्टा, स्पिरिटचा गार बोळा, मग मुंगी चावल्यासारखं, तोवर मी पंख्याची पाती मोजतो. चक्कर येते ती भीतीने बीपी एकदम उतरतं म्हणून, मांड्या-पोटऱ्या आवळून धरल्या की बरंच सावरतं. नंतर कापूस दाबून हात सरळ ठेवा, कोपरात दुमडू नका, निळं पडतं.