49 गाड्यांचं खापर इलेक्ट्रिकवर का फोडता?

2025 च्या मध्यापासून एक मजकूर सगळीकडे फिरतोय. त्याचा गोषवारा असा: ‘जॅग्वारने पूर्ण इलेक्ट्रिक व्हायचं ठरवलं, गाडीच न दाखवणारी ती भडक जाहिरात केली आणि एप्रिलमध्ये अख्ख्या युरोपात फक्त 49 गाड्या खपल्या. विक्री 97.5 टक्क्यांनी आपटली. पेट्रोलच्या गाड्या सोबत ठेवल्या असत्या तर ही वेळ आली नसती. श्रीमंत गिऱ्हाइकाला इलेक्ट्रिक नकोच आहे, म्हणून तर मर्सिडीज, बेंटली, पोर्शे सगळे माघारी फिरले.’

आकडा खरा आहे. घोळ आहे तो पुढच्या निष्कर्षांत.

‘इलेक्ट्रिक झाले म्हणून विक्री आपटली’

एप्रिल 2024 मध्ये युरोपात 1,961 जॅग्वारची नोंदणी झाली आणि एप्रिल 2025 मध्ये 49 ची. पण त्या महिन्यात शोरूममध्ये विकायला होतं काय? एक्सई, एक्सएफ आणि एफ-टाइप यांचं उत्पादन 2024 मध्येच थांबलं. ऑस्ट्रियात ग्राझला मॅग्ना श्टायरच्या कारखान्यात बनणाऱ्या ई-पेस आणि आय-पेस त्या वर्षाच्या अखेरीस बंद झाल्या. ब्रिटनमध्ये नव्या गाड्यांची विक्री नोव्हेंबर 2024 पासून थांबवली होती. आणि ज्या नव्या इलेक्ट्रिक गाडीला लोकांनी नाकारलं म्हणतात, ती बाजारात आलेलीच नव्हती. रिकाम्या दुकानाचा गल्ला मोजून गिऱ्हाइकाची आवड कळत नाही.

जाहिरातीचं म्हणाल तर ती नोव्हेंबर 2024 ची. पूर्ण इलेक्ट्रिक होण्याची घोषणा फेब्रुवारी 2021 ची. जाहिरात कुणाला आवडली नसेल तर खुशाल आवडू नये, पण जुनी मॉडेलं बंद करायचं त्याआधीच ठरलेलं होतं.

‘पेट्रोल ठेवलं असतं तर वाचले असते’

पेट्रोल होतंच की. 2018 मध्ये जगभरात सुमारे 1 लाख 80 हजार जॅग्वार विकल्या गेल्या. त्यानंतर आकडा घसरत गेला तो शोरूममध्ये पेट्रोल-डिझेलच्या गाड्या उभ्या असताना. इलेक्ट्रिक मॉडेल एकटं आय-पेस होतं. त्याच 2018 मध्ये बीएमडब्ल्यू आणि मर्सिडीज यांनी प्रत्येकी 20 लाखांहून जास्त गाड्या विकल्या. उत्सर्जनाच्या चाचण्या, क्रॅश टेस्ट, सॉफ्टवेअर, दर काही वर्षांनी नवं इंजिन हा खर्च गाड्या कमी विकल्या म्हणून त्या प्रमाणात कमी होत नाही. प्रत्येक इंजिन-गिअरबॉक्स जोडी वेगळी प्रमाणित करून घ्यावी लागते. युरोपचे प्रदूषणाचे नवे ‘युरो 7’ नियम नव्या प्रकारच्या गाड्यांना नोव्हेंबर 2026 पासून लागू, म्हणजे जुनं इंजिन चालू ठेवणंही फुकट नाही. हा सगळा खर्च 20 लाख गाड्यांवर वाटणारा आणि दोन लाखांवरही न पोहोचणारा एकाच किमतीच्या रांगेत टिकू शकत नाही. एक्सईच्या बाबतीत नेमकं हेच झालं: महागडी ॲल्युमिनियम बॉडी, आणि लढाई थेट बीएमडब्ल्यूच्या 3 सीरिजशी.

आता ‘दोन्ही ठेवा’ याचा तांत्रिक अर्थ पाहू. मोठ्या लक्झरी गाडीला साधारण 100 किलोवॅट-तासांची बॅटरी लागते. तिचं वजन 600 ते 700 किलो आणि जाडी ढोबळमानाने 11 ते 15 सेंटिमीटर. ती फरशीखाली बसते. फरशी उचलली की सीट उचलावी लागते, सीट उचलली की छत. एसयूव्हीत हे खपून जातं. बुटक्या, लांब गाडीत मात्र एकेक सेंटिमीटर डोळ्यांत भरतो. पोर्शेने टायकान या इलेक्ट्रिक गाडीत मागच्या प्रवाशांच्या पायांखाली बॅटरीतच पोकळी ठेवली, त्याला ते ‘फूट गराज’ म्हणतात. छत खाली ठेवायला एवढी उठाठेव करावी लागली. त्याच सांगाड्यात उद्या इंजिनही बसवायचं म्हटलं तर मधोमध शाफ्ट आणि एक्झॉस्टसाठी बोगदा, मागे टाकी, पुढे इंजिन ब्लॉक धरून आखलेली क्रॅश-रचना. बॅटरीला सलग सपाट जागा हवी असते, ती इथेच तुटते.

बीएमडब्ल्यूला हे जमलं. 7 सीरिज आणि तिचं इलेक्ट्रिक रूप आय7 एकाच प्लॅटफॉर्मवर (म्हणजे गाडीच्या मूळ सांगाड्यावर), डिंगोल्फिंगच्या एकाच कारखान्यात बनतात. पण ती गाडी मुळातच मोठी आणि उंच, आणि प्लॅटफॉर्मचा खर्च वाटून घ्यायला इतर मॉडेलंही आहेत. उलट मर्सिडीजने एस-क्लासच्या तोडीच्या इलेक्ट्रिक ईक्यूएससाठी स्वतंत्र इलेक्ट्रिक प्लॅटफॉर्म बनवला, तरी उंच फरशीमुळे मागे बसणाऱ्याचे गुडघे वर येतात ही तक्रार राहिलीच. आणि या वर्गातल्या गाडीचा मालक मागेच बसतो. तेव्हा स्वतंत्र प्लॅटफॉर्म घेतला की काम झालं, असंही नाही.

जॅग्वारच्याच कंपनीच्या रेंज रोव्हरचा एमएलए प्लॅटफॉर्म पेट्रोल, प्लग-इन हायब्रिड (इंजिन आणि बाहेरून चार्ज होणारी बॅटरी दोन्ही) आणि इलेक्ट्रिक तिन्ही पेलतो. जॅग्वार त्यावर बसवता आली असती. माझ्या मते मग ती दुसरी रेंज रोव्हर झाली असती, आणि पहिली आधीच उत्तम खपते.

‘श्रीमंतांना इलेक्ट्रिक नको’

कोणत्या श्रीमंतांना? रोल्स-रॉइसची इलेक्ट्रिक स्पेक्टर 2024 मध्ये कंपनीच्या सर्वाधिक मागणीच्या गाड्यांत कलिनन या एसयूव्हीच्या खालोखाल होती. त्याच वर्षी पोर्शे टायकानची विक्री 49 टक्क्यांनी घटून 20,836 वर आली. दोन्ही महाग, दोन्ही इलेक्ट्रिक.

रोल्सच्या गिऱ्हाइकाला शांतता हवी असते, शून्यापासून सरळ ओढ हवी असते, आणि घरी चार्जर बसवणं त्याच्यासाठी किरकोळ बाब आहे. टायकानच्या वर्गात बऱ्याच गाड्या लीजवर, म्हणजे ठरावीक वर्षांच्या भाड्याने, जातात आणि तिथे सगळं गणित रीसेल व्हॅल्यूचं. समजा गाडी 1,00,000 पौंडांची. तीन वर्षांनी 60 टक्के किंमत उरली तर घसरलेली किंमत 36 महिन्यांत वाटून, व्याज सोडून, महिन्याला सुमारे 1,111 पौंड पडतात. 40 टक्केच उरली तर 1,667. गाडी तीच, हप्ता दीडपट.

किंमत इतकी का पडते? टायकानचंच बघा. 2024 च्या सुधारणेत मोठी बॅटरी 93.4 वरून 105 किलोवॅट-तासांवर गेली आणि कमाल चार्जिंग 270 वरून 320 किलोवॅटवर. नवी गाडी एका झटक्यात इतकी पुढे गेली की जुनीचा भाव पडणारच. इंजिनाच्या गाडीत एका फेसलिफ्टमध्ये एवढा फरक पडत नाही. पूर्ण इलेक्ट्रिकविरुद्धचा सगळ्यात भक्कम मुद्दा हाच आहे, आणि फिरणाऱ्या मजकुरात नेमका तोच नाही.

‘सगळे माघारी फिरले’

पूर्ण इलेक्ट्रिक होण्याच्या मुदती पुढे गेल्या, हे खरं. बेंटली 2030 वरून 2035 वर गेली, व्होल्वोने 2030 च्या लक्ष्यात प्लग-इन हायब्रिड धरले. मर्सिडीजने 2021 मध्येच ‘बाजाराची परिस्थिती अनुकूल असेल तिथे’ अशी पळवाट ठेवली होती आणि 2024 मध्ये ती वापरली. पोर्शेला इलेक्ट्रिक गाड्या लांबवण्याच्या 2025 मधल्या बदलाचा फटका त्या वर्षीच्या नफ्यात 1.8 अब्ज युरोंपर्यंत बसेल असं कंपनीनेच सांगितलं. पण यातल्या कुणीही इलेक्ट्रिकचा बेतच सोडून दिलेला नाही. शिवाय बेंटली आणि पोर्शेच्या मागे फोक्सवॅगन समूहाची इंजिनं तयार आहेत. ज्याच्याकडे परतायला घर आहे त्याचा निर्णय ज्याच्याकडे नाही त्याला लावू नये.

टीका करायची तर जॅग्वारवर दुसरीकडे करा. आय-पेस 2018 मध्ये आली, 2019 ची ‘वर्ल्ड कार ऑफ द इयर’ ठरली, आणि बंद होईपर्यंत तिचा वारसदार आला नाही. अमेरिकेतल्या 2019 सालच्या काही आय-पेसच्या मालकांना बॅटरीला आग लागण्याच्या धोक्यामुळे 80 टक्क्यांपुढे चार्ज करू नका आणि गाडी बाहेर लावा असं 2024 मध्ये सांगावं लागलं. जॅग्वारच्या मोठ्या सेडानची इलेक्ट्रिक आवृत्ती, एक्सजे, घोषणेच्याच महिन्यात, फेब्रुवारी 2021 मध्ये, रद्द झाली. ती आली असती तर डीलरांकडे मधली रिकामी वर्षं आलीच नसती.

जॅग्वारच्या नव्या इलेक्ट्रिक गाडीची पहिल्या वर्षाची बुकिंगही मी फार मनावर घेणार नाही, नवलाईला गिऱ्हाईक मिळतंच. तिच्या पहिल्या गाड्या तीन वर्षांनी लीजवरून परत येतील, तेव्हाचा लिलावातला भाव बघायचा.