जॅकवर श्रद्धा, बोल्टवर जोर

सर्व्हिसिंग म्हणजे तरी काय हो, चार लिटर ऑइल काढायचं आणि चार लिटर ओतायचं! गाडीचं मॅन्युअल प्लॅस्टिकच्या पिशवीत छान दिसतं, ते तिथेच राहू द्या.

गाडी उचलायला डिकीतला जॅक आहेच. तो फक्त चाक बदलण्यापुरता असतो, गाडीखाली शिरायचं तर सपाट जमिनीवर भक्कम घोड्या (गाडी पेलणारे स्टँड) लावाव्यात, मागच्या चाकांना उटी (अडसर) द्यावी, ही सगळी भित्र्यांची नाटकं. टनभर वजन पेलणारा जॅक सटकतो तेव्हा आधी कुरकुरतही नाही, म्हणजे पळापळीचा त्रास वाचला.

इंजिन दोन-चार मिनिटं चालवून कोमट केलं की ऑइल पातळ होऊन गाळासकट निघतं म्हणे. आपण कोमटावर का थांबा? लांबवर फिरवून आणा, ऑइल शंभर अंशांच्या घरात जाऊ द्या, आणि लगेच ड्रेन बोल्ट, म्हणजे खालून ऑइल काढायचा बोल्ट, सोडा. पहिली धार सरळ खाली पडत नाही. ती तिरकी येते आणि बोल्ट धरलेल्या बोटांवरून थेट बाहीत शिरते.

आता मुख्य कार्यक्रम, तोच बोल्ट परत बसवणं. बोल्ट पोलादी, चेंबर (इंजिनखालची ऑइलची टाकी) बऱ्याच गाड्यांत अॅल्युमिनियमचं. बोल्ट किती आवळायचा याचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो (पिशवी उघडू नका), पण पुष्कळ छोट्या गाड्यांत तो ३० ते ४० न्यूटन-मीटरच्या आसपास निघतो. म्हणजे फूटभर पान्याच्या टोकाला दहा ते तेरा किलोचा जोर. एवढ्याशा जोराने मर्दानगी सिद्ध होते का? पान्यात पाइप घाला, गरज पडल्यास पाय द्या. आधी जड जाईल, मग आणखी जड, आणि मग एकदम हलकं. हलकं झालं की थांबा. बोल्ट बाहेर काढून बघा, त्याच्यात चांदीच्या तारेसारखं एक वेटोळं अडकलेलं दिसेल. ते चेंबरचे आटे. वॉशर अर्थातच जुना घाला. एकदा चेपलेला वॉशर पुन्हा नीट चेपत नाही, थेंब थेंब गळत राहतो आणि बोल्ट आणखी आवळायला निमित्त मिळतं.

ऑइल भरताना हात आखडू नका. डिपस्टिकच्या (ऑइलची पातळी मोजायच्या पट्टीच्या) दोन खुणांमध्ये बहुधा लिटरभराचाच फरक असतो, तेव्हा वरच्या खुणेच्याही पुढे लिटरभर जाऊ द्या. पातळी पुरेशी चढली की क्रँकशाफ्ट (इंजिनातला फिरता दांडा) ऑइलला रवीसारखा घुसळतो, फेस होतो, पंपाच्या वाट्याला हवा येते. बेअरिंगांनाही कधी उपास घडायला हवा.

बाकी किरकोळ. रेडिएटरचं झाकण इंजिन तापलेलं असतानाच उघडा. आत दाबामुळे शंभराच्या वर जाऊनही न उकळलेलं पाणी झाकण सुटताच उकळून उसळतं, म्हणून तोंड जवळ न्या. बॅटरी सोडताना पॉझिटिव्ह आधी काढा, पाना बॉडीला टेकला की आतषबाजी फुकट. रेडिएटरचा पंखा कित्येक गाड्यांत चावी काढल्यावरही आपोआप फिरतो, बोटं तिथेच ठेवा. आणि इंजिन तपासताना गॅरेजचं दार घट्ट लावून घ्या. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास, शेजारी तक्रार करणार नाहीत. तुम्हीही नाही.

ऑइल फिल्टर राहिलाच की. नव्या फिल्टरच्या रबरी रिंगला बोटाने ऑइल लावून, रिंग टेकल्यावर हाताने साधारण पाऊण फेरा, एवढंच लागतं. तुम्ही पाना लावा, पुढच्या वेळी तो निघता निघणार नाही. जुना फिल्टर मात्र उलटा करून न बघता टाकून द्या. त्याच्या तोंडावर रिंग नसेल, तर ती इंजिनलाच चिकटून बसलीय आणि दुसरी तुम्ही तिच्यावर चढवलीय. अशा जोडीतून दाबाखालचं ऑइल केव्हा बाहेर पडेल याचा नेम नाही, पण ऑइलचा लाल दिवा लागेपर्यंत गाडी निदान गल्लीच्या तोंडाशी तरी पोचेल.