सॉरी, पण चूक कुणाची?

ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला आणि आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर शुद्धिमोहीम सुरू झाली. काकांचं ताजं फर्मान: 'सॉरी' बंद, 'क्षमस्व' म्हणा. भाचीने विचारलं, 'माफ करा' चालेल? नाही, ते अरबीतून आलेलं. (पाटीवरच्या 'गैरसोयीबद्दल क्षमस्व'मधला 'गैर' कुठून आला, हे मी विचारलं नाही.)

मी टोरांटोत राहते. सबवेत कुणी माझ्या पायावर पाय दिला, तर 'सॉरी' मीच म्हणते, तोही म्हणतो. नीट ऐकू आलं नाही तरी सॉरी, पुढे जायला वाट हवी तरी सॉरी. यात चुकीची कबुली नाही. ऑन्टारियोत, म्हणजे आमच्या प्रांतात, तर २००९ पासून कायदाच आहे: दिलगिरी व्यक्त केली म्हणून दिवाणी दाव्यात ती दोषाचा पुरावा धरायची नाही.

बाबा गेले तेव्हा ऑफिसातली मैत्रीण म्हणाली, "आय ॲम सो सॉरी." मनात आलं, हिचं काय चुकलं? पुढे कळलं की 'सॉरी'चं मूळ 'सोअर'मध्ये, म्हणजे दुखण्यात आहे. 'सॉरो' म्हणजे दुःख, ती 'सॉरी'ची सख्खी बहीण वाटते, पण नाही. मैत्रीण एवढंच सांगत होती, की मलाही दुखतंय.

कबुली हवी असते तिथे मात्र इथेही नुसत्या शब्दाने भागत नाही. १९१४ साली कोमागाटा मारू जहाजातून आलेल्या ३७६ भारतीयांपैकी बहुतेकांना व्हँकुव्हरला उतरू दिलं नव्हतं. २००८ मध्ये कॅनडाचे तेव्हाचे पंतप्रधान हार्पर यांनी सरे शहरातल्या एका मेळाव्यात त्याबद्दल माफी मागितली. लोकांनी ती तिथेच नाकारली. संसदेत मागा, म्हणाले. ती २०१६ मध्ये तेव्हाचे पंतप्रधान ट्रूडो यांनी मागितली.

म्हणून काकांचं मला अर्धं पटतं. कुणाला पाय लागला तर आपण हात लावून नमस्कार करायचो, शब्द लागायचाच नाही. खरोखर चूक झाली तर 'चुकलं माझं' म्हणायचो. जड असतं ते, घशातून निघत नाही. आपण सॉरी घेतलं ते नेमकं त्या जागी, सोयीसाठी. क्षमस्वनेही तीच सोय होईल.

गेल्या दिवाळीत काका माझ्या भावाला सगळ्यांदेखत नको ते बोलले. दुसऱ्या दिवशी ग्रुपवर 'सॉरी हं' आणि जोडलेले हात. भाऊ अजून त्यांच्याकडे जात नाही.