पैसे जातात कुठे?

आज दुपारी नवऱ्याने मोबाइल माझ्यापुढे धरला. बँकेच्या ॲपने महिन्याच्या खर्चाचं एक गोल चित्र काढून दिलंय. रंगीत. निळं घरभाडं, हिरवा किराणा, पिवळी फी आणि या सगळ्यांना कोपऱ्यात ढकलून फतकल मारून बसलेली एक करडी फोड. तिच्यावर लिहिलंय 'इतर'. ३१ टक्के.

"अगं, हे इतर म्हणजे काय? पैसे जातात कुठे?"

आवाज अजिबात चढा नव्हता. खरंच कुतूहल असल्यासारखा होता, आणि म्हणूनच जास्त लागलं. भांडायच्या सुरात विचारलं असतं तर भांडून मोकळी झाले असते. "बघून सांगते" एवढंच म्हटलं, आत आले आणि हे लिहायला बसले. लांबणार आहे, आधीच सांगते.

हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा दहा वर्षांची होते. बाबांनी आईला विचारलं होतं, तेही आत्यासमोर, हसत हसत. "हिच्या हाताला भोक आहे गं, पैसे जातात कुठे कळत नाही." आत्या हसली. आई नाही हसली. काही बोललीही नाही.

आमच्याकडे पगार आला की आई तो पाकिटांत घालायची. टपालाने आलेली जुनी पाकिटं, उलटी करून पुन्हा चिकटवलेली. प्रत्येकावर पेन्सिलीने नाव: भाडं, किराणा, वीज, शाळा, औषधं, येणंजाणं. नावाखाली आकडा, तोही पेन्सिलीने, कारण तो खोडावा लागणार हे तिला ठाऊक असायचं. आणि एक पाकीट कोरं. त्यावर काहीच लिहिलेलं नसायचं.

आत्या तिच्या घरी परत गेल्यानंतरची पहिली तारीख आली. आईने वही, पाकिटं आणि कपाटाची किल्ली बाबांसमोर ठेवली. "या महिन्यात तुम्ही बघा."

थांबा, पुढचं सांगते. आधी मनातलं बोलू दे.

गेली काही वर्षं आपण सगळ्याजणी एकच काम करतोय. तेवढ्याच पैशात तेवढंच घर चालवायचं, आणि ते तेवढंच आहे असं घरातल्यांना वाटत राहील हेही बघायचं. भाव वाढतात बाहेर. ते वाढवताना मला कोणी विचारलेलं नसतं. पण जाब मागितला जातो घरात, आणि तो जिच्या हातात पिशवी तिला. पूर आला म्हणून घरातल्या पाणी भरणाऱ्या बाईला कोणी बोलतं का? इथे बोलतात.

बातम्यांत सांगतात, महागाई कमी झाली. अहो, दर कमी झाला, भाव नाही! पहिल्या वर्षी १० टक्के वाढ आणि दुसऱ्या वर्षी ४ टक्के, म्हणजे शंभराची वस्तू आधी ११० आणि मग ११४.४० झाली. ती शंभरावर परत आली नाही. जिना हळू चढायला लागलो म्हणजे खाली उतरलो असं होत नाही ना? पण ही बातमी ऐकून घरातला माणूस माझ्याकडे अशा नजरेने बघतो की आता माझ्याकडे काहीतरी उरायला हवं.

एक साधी युक्ती आहे. ७२ ला महागाईच्या दराने भागायचं, की भाव साधारण किती वर्षांत दुप्पट होतील ते कळतं. ६ टक्क्यांनी १२ वर्षं. ८ टक्क्यांनी ९. आता आपापल्या घरात येणारा आकडा १२ वर्षांत दुप्पट झाला का ते मनातल्या मनात बघा. झाला असेल तर अभिनंदन, तुम्ही होतात तिथेच आहात.

आणि पाकिटं! किलोचं पाकीट गुपचूप ९०० ग्रॅमचं होतं, किंमत तीच, वर नवीन चित्र. माल १० टक्क्यांनी कमी झाला म्हणजे भाव ११ टक्क्यांनी वाढला, पण पावतीवर तो कुठेच दिसत नाही. दिसतं ते एवढंच की डबा लवकर रिकामा झाला. मग घरात कोणीतरी म्हणणार, "इतक्यात संपलं?" म्हणजे पुन्हा मीच. मीच कुठेतरी सांडलं असणार.

तर बाबांचा महिना. बाबांनी घर उत्तम चालवलं. खोटं कशाला बोलू. रोज संध्याकाळी वहीत लिहायचे, अक्षर आईपेक्षा सुंदर, खाली दुहेरी रेघ. आई काही मागायला गेली की "कशाला हवंय?" असं विचारायचे आणि आई "राहू दे" म्हणायची. महिना संपला आणि पैसे उरले. चक्क उरले. बाबांनी ते आम्हा सगळ्यांसमोर मोजले. आत्यालाही कळवलं असणार. दुसऱ्या दिवशी घरात भिंतीवरचं घड्याळ आलं.

आणि मग पुढचा महिना उजाडला. शाळेची सहामाही फी, विम्याचा वर्षाचा हप्ता, आजीचा चष्मा, सगळं एकदम. बाबा शांतपणे म्हणाले, "याची तरतूद कुठून करतेस तू?" आईने कोरं पाकीट उचलून उलटं केलं. त्यात काहीच नव्हतं. बाबांनी ज्याला शिल्लक समजून मोजलं होतं ते हेच होतं. वर्षातून एकदा किंवा दोनदा येणाऱ्या प्रत्येक खर्चाचा बारावा भाग ती दर महिन्याला त्यात टाकायची. नाव लिहायची नाही, कारण एका पाकिटावर बारा नावं मावत नाहीत.

रिचर्ड थेलर म्हणून अर्थशास्त्रज्ञ आहेत. माणूस एकाच पैशाचे डोक्यात वेगवेगळे कप्पे करतो, याला त्यांनी 'मेंटल अकाउंटिंग' म्हटलं. २०१७ साली त्यांना नोबेल मिळालं. आईने कप्पे डोक्यात नाही, कपाटात केले होते. तिला आत्यासमोर बोलणं मिळालं.

मला खरा राग नवऱ्याचा नाहीये, आत्ता लिहिताना लक्षात येतंय. राग आहे तो सल्ले देणाऱ्यांचा. परवा एका व्हिडिओत जेमतेम विशीतला मुलगा सांगत होता, ५०-३०-२० चा नियम पाळा. निम्मा पैसा गरजांना, ३० टक्के हौसेला, २० टक्के बचतीला. बाळा, ज्या घरात भाडं, किराणा आणि फी मिळून सत्तर खातात तिथे हौसेतून काय कापू? हौस शेवटची कधी केली होती ते वहीत शोधावं लागेल. अर्न्स्ट एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने १८५७ मध्येच दाखवलं होतं की घराचं उत्पन्न जितकं कमी, तितका त्यातला पोटावर जाणारा वाटा मोठा. म्हणजे सगळ्या घरांना एकच माप लागत नाही हे त्या काळात कळलेलं होतं. व्हिडिओवाल्यांपर्यंत अजून पोचायचंय.

त्याच मुलाने पुढे 'काकेबो' नावाचं जपानी तंत्र सांगितलं. असं सांगितलं, जणू रॉकेट सोडतोय. मी शोधून वाचलं. १९०४ मध्ये हानी मोतोको नावाच्या एका पत्रकार बाईने ते मांडलं, घर चालवणाऱ्या बायकांसाठी. घरखर्चाची वही आहे ती! किती आले, किती गेले, किती ठेवायचे होते, पुढच्या महिन्यात काय सुधारायचं. आपण केलं की कटकट, आणि त्याने जपानी नाव घेऊन सांगितलं की तंत्र.

बरं, आता मान्य करायचं ते करून टाकते. लिहून ठेवलं की खर्च आटोक्यात येतो, हे खरं आहे. माझ्या 'इतर'मध्ये एका ॲपची वर्गणी निघाली, जे या घरात चार महिने कोणी उघडलेलं नाही. ऑनलाइन मागवलेल्या दोन वस्तू अजून खोक्यात आहेत, आणि त्या मीच मागवल्यात. आणि मागच्या वर्षी क्रेडिट कार्डावर आम्ही तीन महिने फक्त किमान रक्कम भरत राहिलो, तो मूर्खपणा दोघांचा होता. महिन्याला ३ टक्के ऐकायला किती गरीब वाटतं. व्याजावर व्याज धरून वर्षाचे ते साडेबेचाळीसच्या वर जातात. झालं? पुढे.

पुढे म्हणजे, मी ती करडी फोड उघडली. एकेक नोंद बघितली. लेकीच्या चष्म्याची काच. सासूबाईंच्या रक्ततपासण्या, दोनदा, कारण पहिल्या वेळी डॉक्टरांना आकडा पटला नाही. नळ दुरुस्तीवाला. युनिफॉर्मची घडी सोडवून घेतली त्याचे, कारण नवीन घ्यायला वर्षअखेरपर्यंत थांबायचं ठरवलंय. ऑफिसातल्या एकांच्या निरोपाची वर्गणी. चार्जर. विम्याचा हप्ता. शाळेच्या प्रकल्पासाठी पुठ्ठे आणि रंग, रात्री साडेनऊला आठवलेले.

सांगा यातलं काय 'इतर' आहे? हेच तर घर आहे. भाडं आणि वीजबिल तर रिकाम्या खोलीलाही लागतं.

आणि वहीत न येणारं निराळंच. दोन दुकानं फिरून जिथे स्वस्त तिथून आणलं, त्यात गेलेला तास. आपल्याला हवं असलेलं काहीतरी हातात घेऊन, किंमत बघून परत ठेवलं, त्याची नोंद कुठे करायची? त्या ॲपला न झालेला खर्च दिसत नाही. घरकाम देशाच्या उत्पन्नात मोजत नाहीत, आणि हे तर घरकामातही मोजत नाहीत. मी नोकरी करते, तोही करतो, दोघांचे पगार एकाच खात्यात जमा होतात. मग "पैसे जातात कुठे" हा प्रश्न एकाच दिशेने का येतो?

(पाणी प्यायला गेले होते. तो हॉलमध्ये बसून ॲपमध्ये काहीतरी शोधतोय. चष्मा नाकाच्या टोकावर, डाव्या काचेवर तो ओरखडा. सहा महिने झाले. "चालतंय गं" म्हणतो.)

आता बाबांच्या गोष्टीतला एक भाग सांगते, जो मी नेहमी गाळते. ही गोष्ट मी आजवर पन्नास वेळा तरी सांगितली असेल, आणि प्रत्येक वेळी घड्याळापाशी थांबून सगळ्यांना हसवलंय. पण त्या महिन्यात उरलेले पैसे सगळे कोऱ्या पाकिटातले नव्हते. 'येणंजाणं' लिहिलेलं पाकीटही जवळपास भरलेलं होतं. बाबा महिनाभर कामावर चालत गेले होते. जाताना आणि येतानाही. कोणाला सांगितलं नाही. त्यांना जिंकायचं होतं म्हणून चालले की त्यांना पहिल्यांदाच कळलं होतं की पैसे पुरत नाहीत, हे मला माहीत नाही. आईला कळलं ते त्यांचे बूट बघून. तळवा पार गेला होता. पुढच्या महिन्याच्या वहीत, चष्मा आणि फी यांच्या खाली, आईच्या अक्षरात एक ओळ आहे, 'ह्यांच्या बुटाचा तळ'. त्यावरून दोघं एकमेकांना काहीही बोलले नाहीत.

गोष्टीत मला बाबा हरलेले हवे असतात म्हणून मी हे गाळते. आज तो ओरखडा बघितला आणि गाळता आलं नाही.

तरीही! मऊ होऊन सगळं पाण्यात सोडणार नाहीये मी. बाबांनी पुन्हा कधी विचारलं नाही, हे खरं. पण वहीही पुन्हा कधी हातात घेतली नाही. एक महिना चालवून बघितलं, अवघड आहे हे पटलं, आणि ते अवघड काम परत आईकडे दिलं. कौतुकासकट. "तूच कर बाई, तुलाच जमतं." हे वाक्य तुम्हा सगळ्यांच्या घरात आहे, मला माहितीये. आईने ते कोरं पाकीट पुढची तीस वर्षं एकटीने भरलं आणि त्यात काय काय आहे हे फक्त तिला ठाऊक होतं. ती आजारी पडली तेव्हा विम्याचा हप्ता कधी असतो हे घरात कोणालाही सांगता येईना.

मला तसं नको आहे. मला कौतुकही नको. मी त्या ३१ टक्क्यांची एकेक ओळ कागदावर काढलीये, पुढे महिने लिहिलेत, वर्षातून एकदा येणाऱ्याला बाराने भागलंय. यादी दोन पानी झाली. आज रात्री जेवणानंतर ती टेबलावर ठेवणार आहे आणि त्याच्या शेजारी दोन पेनं. त्यात सगळ्यात वर त्याचा चष्मा लिहिलाय. तो खोडायला बघेल. मी पेननेच लिहिलाय.

लेकीलाही बसवणार आहे. ती नाक मुरडेल, बसेल.

आतून हाक आली आत्ता. "अगं, हे मशीन पाणी बाहेर टाकत नाहीये, जरा बघतेस का?"

जाते. दुरुस्तीवाल्याला त्यालाच फोन करायला लावते. आणि हो, पैसे देताना कुठल्या रंगात टाकायचे तेही त्यालाच ठरवू दे.