‘पाच वर्षं झाली, आता तपासण्या बंद’ असं सांगणाऱ्या मेसेजला उत्तर

इंदूरमध्ये रामबाग-लोकमान्यनगराकडच्या मराठी ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: ‘वृषणाचा कॅन्सर बरा होऊन पाच वर्षं झाली आणि रक्ताचे मार्कर (गाठ असली की रक्तात वाढणारे घटक) नॉर्मल आले, की तो मुळापासून गेला. पुढच्या तपासण्या म्हणजे दवाखान्यांची कमाई. सीटी स्कॅननं तर उलट कॅन्सर होतो.’ ज्यांचा पंचविशीतला मुलगा या दुखण्यातून उठलाय, ते यावर चटकन विश्वास ठेवतील, म्हणून हे लिहितोय.

हा कॅन्सर बरा होतो, हे अगदी खरं. सिसप्लॅटिन हे केमोचं औषध आल्यापासून दहांतले नऊहून जास्त रुग्ण बरे होतात, आणि उलटलाच तर बहुधा पहिल्या दोन वर्षांत. पण पाच वर्षांचा हिशेब त्या जुन्या गाठीचा. दुसऱ्या वृषणात नवी गाठ होण्याची शक्यता पंधरा वर्षांत साधारण २ टक्के असते, आणि तो वेगळा, नवा आजार. केमो किंवा शेक (रेडिएशन) घेतलेल्यांना पोट, स्वादुपिंड, मूत्राशय यांचे कॅन्सर होण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त. ते दिसतात दहा-वीस वर्षांनी, म्हणजे मेसेज तपासण्या बंद करायला सांगतो त्याच्या कितीतरी नंतर.

मार्करचंही तसंच. सेमिनोमा या प्रकारात एएफपी हा मार्कर वाढतच नाही, बीटा-एचसीजी हा दुसरा मार्करही थोड्यांचाच वाढतो. म्हणून हातानं तपासायचं: महिन्यातून एकदा, गरम पाण्यानं अंघोळ झाल्यावर, वृषण अंगठा आणि बोटांमध्ये हलकेच फिरवून. मागच्या बाजूला मऊ दोरीसारखं लागतं ते नेहमीचंच. वृषणावरच वाटाण्याएवढं काही टणक लागलं, दुखत नसलं तरी, त्याच आठवड्यात डॉक्टर गाठायचा.

सीटीबद्दल मेसेज अर्धवट बोलतो. किरणांचा विचार करूनच डॉक्टर स्कॅनमधलं अंतर वाढवत नेतात, आणि पाच वर्षांनंतर तक्रार नसेल तर बहुतेकांना ते लागतही नाहीत. उरतं काय? वर्षातून एकदा डॉक्टरांची भेट, रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल, किडनी. यात कोणाची कसली कमाई?

मुलगा नोकरीला पुण्याला किंवा बंगळुरूला जाईल तेव्हा फाइल त्याच्याबरोबर द्या. गाठीचा प्रकार, केमोची किती सायकल, कुठलं औषध एकूण किती, शेक कुठे दिले, एवढं एका कागदावर उतरवून फोनमध्येही ठेवा. पंचेचाळिशीत त्याचं पोट दुखलं, तर नव्या डॉक्टरला पोटावरचे जुने शेक माहीत हवेत. नाहीतर तो अ‍ॅसिडिटीची गोळी देऊन घरी पाठवेल.